बंदा रुपया

९ ऑगस्ट

पार्लरचा बोर्ड आज उतरवला. मुकुटबनात बायायले भुवया कराले वेळ नाही अन् ज्यायले वेळ आहे त्या वणीले जातात. गिऱ्हाईक म्हणून एक पायल यायची, गल्लीतलीच. ती पण आरशासमोर बसून निरा सासूच्या गोठी सांगायची. संघदीपनं बोर्ड मागच्या भिंतीले टेकवून ठेवला अन् एक शब्द बोलला नाही. नवरा दोन शब्द बोलून भांडला असता तं बरं वाटलं असतं. तो कारखान्यात पाळी करून येते, जेवते, झोपते. मी दिवसभर या घरात काय करू, ते कोणी सांगत नाही.

सकाळी मात्र एक मजा झाली. मामाजी, म्हणजे माह्ये सासरे बाबाराव, ओट्यावर चहा पीत बसले होते. समोरच्या नवीन घराचं भलंमोठं लोखंडी फाटक पाहून म्हणे, "फाटक मणाचं, अन् आंदर राह्यते छटाकभर माणूस." माह्या हातात फोन होताच, रील काढलं अन् टाकून देलं. आता पाहते तं यवतमाळपासून नागपूरपर्यंत लोकं हासून राह्यले.

११ ऑगस्ट

मामाजीच्या तोंडात अख्खा जुना बाजार आहे. जन्मभर जिनिंगमध्ये हमाली केली. काम सुटलं, पण आणे-पावली अन् शेर-छटाक काही सुटले नाही. भाजी उलशीक पाहिजे तं "छटाकभर वाढ". गोष्ट पटली तं "सोळा आणे". लबाड माणूस म्हणजे "भोकाचा पैसा". संघदीपची मोटारसायकल म्हणजे फटफटी. मी लग्न करून आली तवा मले त्यायचं अर्धं समजत नव्हतं. आता म्हटलं, हेच आपलं दुकान. फोन घेऊन मांगंच फिरते.

आई (माह्या सासूबाई, इंदूबाई) म्हणाल्या, "म्हातारा काय नाटकातला हाये काय व?" पण त्यायच्याही तोंडावर हसू होतं.

१८ ऑगस्ट

वार्डातले एक म्हातारे वारले होते, त्यायचं आज विहारात पुण्यानुमोदन. भन्तेजीनं त्रिशरण-पंचशील देलं, सुत्तं झाली, मंग ज्याले बोलायचं तो उठून गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलला. सगळ्यात शेवटी मामाजी. हे कोणी ठरवून देलं नाही, पण आमच्या वार्डात तसंच चालते. कोणाच्या घरी मौत झाली की ते आधी भन्तेजीले फोन करतात अन् मंग मामाजीले सांगाले आमच्या ओट्यावर येतात.

मी पहिल्यांदा नीट ऐकलं. हातात कागद नाही, काही नाही. त्या म्हाताऱ्यानं कोणाची विहीर उपसून देली, कोणाच्या पोरीले परीक्षेसाठी सायकलवर केळापूरले नेलं, असं बारीक-बारीक सांगत गेले. शेवटी थांबले, हात जोडले अन् म्हणे, "राजेहो, माणूस बंदा रुपया होता." बस. तवा कुठं घरच्या बाया मोकळ्या रडल्या. मंगच लोकं जेवाले उठले.

माह्या अंगावर काटा आला. खरं लिवते, त्याच वेळी मनात आलं, हा शब्द रीलमध्ये पाहिजे.

१९ ऑगस्ट

"मामाजी, चहाचा घोट घ्या अन् म्हणा ना, बंदा रुपया चहा."

त्यायनी बशी खाली ठेवली. "चहाले नाही म्हणत तसं."

"मंग संघदीपले म्हणा."

"जित्या माणसाले नाही म्हणत, माय. जितेपनी मोड व्हायची राह्यते. कोणाची कवा चिल्लर होईन, काय सांगता येते? पुरा जगून गेला, मंग आपुन म्हणाचं, का बंदा होता अन् शेवटलोक बंदाच राह्यला."

म्हातारे लोकं एकेक नियम धरून बसतात. चहाले म्हटलं तं काय आभाळ कोसळते? मी तोंड पाडून भांडे घासत बसली.

२२ ऑगस्ट

मामाजी मानले. मी काही भांडली नाही, फक्त बोलणं कमी केलं होतं. आज सोताच म्हणे, "घे बाई, काढ तुहा फोटू. घरात असं तोंड नको पाडू."

घोट घेतला अन् विहारात म्हणतात त्याच आवाजात, तसेच थांबून, हात जोडून म्हणाले, "राजेहो, चहा बंदा रुपया." इतकं गंभीर तोंड, की मी हासून हासून लोळली. सगळी मजा त्या तोंडातच आहे. मी सांगून ठेवलं, दर वेळी असंच तोंड ठेवा, हासू नका. म्हणे, "मले कुठी हासू येऊन राह्यलं?"

२ सप्टेंबर

लाखावर गेलं. चहा, भजे, फटफटी, आईच्या हातचे रोडगे, सगळ्यायले बंदा रुपया म्हणून झालं. पांढरकवड्याच्या कोण्या डीजेवाल्यानं त्याच्यावर ठेका लावून गाणं केलं, ते गणपतीत वाजून राह्यलं. लोकं मले नावानं ओळखतात. पायल तं रोज येते, म्हणते, वहिनी, आम्ही घरी निरा हेच म्हणतो.

एकानं खाली लिवलं, "हे आजोबा कोणत्या जंगलातून पकडून आणले?" पुण्यात मी सहा महिने कामाले होती, तवा "मले" म्हटलं की सोबतच्या पोरी तोंडावर हात ठेवायच्या. एकदा मी संडासात जाऊन रडली होती. पण त्या पोरी कुजक्या होत्या. इथं तं लोकं प्रेमानं हासतात. मी त्या माणसाले उत्तरात हासरं तोंड पाठवलं.

१० सप्टेंबर

भीमराजकाका आले होते. मामाजीचे लहानपणचे दोस्त, जिनिंगमध्ये कापसाच्या एकाच गाठीले दोघायचे हात लागायचे. आता काकाच्या किडन्या गेल्या. पोरगी दीपा त्यायले एसटीनं यवतमाळले डायलिसिसले नेते. आले की दोघं म्हातारे एकमेकायले शिव्या देत बसतात. आज काका सुजलेला हात मांडीवर ठेवून म्हणे,

"काहून बे बाब्या, चहाले म्हटलं, भज्याले म्हटलं, फटफटीले म्हटलं. माह्यासाठी काय ठेवलं?"

"आंदी मर तं, मंग पाहू."

"मी तं मरूनच राह्यलो. तू सांग, म्हणशीन ना?"

"म्हणीन."

"पयलेसारखंच?"

मामाजीनं आपल्या कपातला चहा काकाच्या बशीत ओतून देला. दोघायची जोडी काय भारी दिसत होती, पण माह्या फोनची चार्जिंग संपली होती.

काका गेल्यावर मामाजी म्हणे, "उर्वशी, ते फोनमधलं पुसता येते काय?" मी म्हटलं, येते ना, दाखवते तुम्हाले एडिट कसं करतात. मामाजी पण आता टेक्निकल होऊन राह्यले.

२९ सप्टेंबर

पांढरकवड्यात दसऱ्याच्या तोंडावर मोबाईलच्या दुकानाचं उद्घाटन होतं, त्याच्यासाठी मामाजीले बलावलं. दुकानवाल्यायनी गाडी पाठवली, हार, शाल, पेढे, सगळं. संघदीप म्हणे, "बाबा, नाही म्हणा तुमी." बापाची इज्जत होऊन राह्यली अन् याच्या पोटात दुखते. मामाजीनं माह्याकडे पाह्यलं अन् त्याले म्हणाले, "जाऊ दे रे. पोरीचं मन लागलं त्याच्यात."

तिथं ही गर्दी. माईक हातात देला अन् सगळे मांगं लागले, "बाबा, एक डाव, एक डाव." त्यायनी दुकानाले म्हटलं. मालकाले म्हटलं. मालकाच्या नवीन गाडीलेही म्हटलं. प्रत्येक वेळी हात जोडून, मी सांगितलं तसंच.

घरी आल्यावर मोरीत उभे राहून कितीक वेळ गुळण्या करत होते. पेढ्यानं दात दुखला असन. शाल आईनं घडी न मोडता पेटीत टाकून देली.

२१ ऑक्टोबर

मामाजी चौकात चहा प्याले जात नाही आता. विचारलं तं म्हणे पित्त होते. विहारातही मांगच्या बोळीनं जातात, तिकडून सावली आहे. शाळेतले पोट्टे दारावरून जाताना "बंदा रुपया" म्हणून ओरडतात अन् पळतात. आई काठी घेऊन उठतात. मी म्हणते, राहू द्या आई, लेकरं आहेत, नावच होऊन राह्यलं ना. त्या माह्याकडे नुसत्या पाहतात.

आज परत रील काढू देलं नाही. कंटाळले असतील. ऊन पण त्यायले सहन होत नाही.

१२ नोव्हेंबर

भीमराजकाका गेले. यवतमाळवरून येताना, एसटीत, दीपाच्या खांद्यावर डोकं ठेवून. पांढरकवडा सुटल्यावर तिच्या ध्यानात आलं. ती कोणाले काही बोलली नाही म्हणे, तसंच धरून बसली, का आपला आवाज ऐकून लोकं खाली उतरवून देतील असं वाटलं. मंग एका बाईले समजलं अन् सगळ्यायनी जागा मोकळी करून देली. गाडी तशीच गावात आणली.

दीपा सांगाले सोताच आली होती. पुण्यानुमोदन रविवारी. "काका, तुमीच बोलाचं. बाबानं सांगून ठेवलं होतं," म्हणे. मामाजी ओट्यावरून उठले, बसले, परत उठले. रडले नाही. माहा पांढरा सदरा कुठी हाये म्हणून आईले विचारलं.

१६ नोव्हेंबर

लिवाचं नाही असं ठरवलं होतं. पण मंग बोलू कोणाजवळ?

विहार गच्च भरला होता. ती गर्दी भीमराजकाकासाठी नव्हती, हे मले दाराशीच समजाले पाहिजे होतं. दुसऱ्या वार्डातले पोट्टे, झरीकडून आलेले पोट्टे, ज्यायनी काकाले कधी पाह्यलं पण नसन. भन्तेजीचं झालं. दीपा उठली, तिले दोन वाक्यांच्या पुढं बोलता आलं नाही. मंग मामाजी उठले. ते उठले अन् त्यायच्यासंगं सगळीकडून फोन उठले.

मामाजीनं ते पाह्यलं. मले वाटलं आता बसतात. पण बोलले.

"बहात्तरचा दुष्काय होता. आमी दोघंबी खडी फोडाच्या कामावर. तिथी खाले सुकडी देत. माही माय घरी बिमार, चुलीले काई नाही. भीमराज आपली सुकडी दस्तीत बांधे अन् रोज माह्या मायले नेऊन देये. मले सांगे, मी खाल्ली. मायनं मरतानी सांगतलं तवा मले समजलं. मंग मी त्याले इचारलं, काहून बे, तुले भूक नोती लागत काय? तं म्हणे, लागे ना, पण पाणी लय होतं तिथी."

तिथपर्यंत कोणी हासलं नाही. बाया डोळे पुसत होत्या. मामाजीचा आवाज पार बसला होता. त्यायनी हात जोडले.

"राजेहो, भीमराज," म्हणाले अन् थांबले. ते नेहमीच थांबतात तिथं.

मागून कोणीतरी त्या डीजेच्या गाण्याचा ठेका तोंडानं वाजवला. दुसऱ्यानं ओरडून वाक्य पुरं केलं. अन् हासणं सुटलं. सगळे नाही हासले, कोणी "गप रे" म्हणत होतं, पण ते आवरेचना. माह्या बाजूची पायल तोंडाले पदर लावून हासली. दीपाच्या लहान्या पोरानं टाळ्या वाजवल्या, त्याले ते गाणं पाठ आहे.

मामाजी हात जोडून उभेच होते. ओठ हालले, पण शब्द निघाला नाही. "जय भीम" म्हणाले अन् खाली बसले. भीमराजकाकाले कोणी म्हटलंच नाही. लोकायले उठावं का बसावं समजेना. काकाच्या घरच्या बाया रडाचं सोडून इकडं-तिकडं पाहत होत्या. मंग कोणीतरी पत्रावळ्या आणल्या.

जाताना दीपा माह्याजवळ थांबली. शिवी देली असती तं चाललं असतं. म्हणे, "वहिनी, तुमचं झालं असन तं फोन खाली घ्या."

माह्या हातात फोन सुरूच होता. मी कधी काढाले लागली, ते मलेच माहीत नव्हतं.

१९ नोव्हेंबर

त्या पोट्ट्यायले धरून जोड्यानं मारलं पाहिजे. मयताच्या कार्यक्रमात हासतात, यायच्या घरी माय-बाप आहेत का नाही? मी आल्या-गेल्याले हेच सांगून राह्यली. संघदीप ऐकून घेत होता. काल जेवताना एवढंच म्हणे, "त्यायले शिकवलं कोणी?" मी ताटावरून उठली. या घरात सगळं माह्यावरच येते. मामाजी नाही म्हणाले असते तं मी काय जबरदस्ती केली असती?

म्हणाले होते. पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

विहारातलं ते कोणीतरी टाकलं. माह्या सगळ्या रीलपेक्षा जास्त चालून राह्यलं. मी सकाळपासून किती वेळा आकडा पाह्यला, ते इथं लिवत नाही.

२३ नोव्हेंबर

सगळे रील पुसले. मामाजीजवळ जाऊन सांगितलं, "पुसलं सगळं." ते म्हणाले, "बरं." बस एवढंच.

संध्याकाळी मेन रोडवरून वरात गेली. तेच गाणं, त्याच्यात त्यायचाच आवाज. आईनं सगळ्या खिडक्या लावल्या, पण आमच्या खिडक्यायले काचा कुठं धड आहेत. मामाजी भिंतीकडं तोंड करून पडून राह्यले. वरात दूर जाईपर्यंत मी चुलीपाशी उभी होती.

दीपाच्या घरी जाऊन आली. तिनं पाणी देलं, बस म्हटलं नाही.

३ डिसेंबर

मामाजी आता मोजकं बोलतात. भाजी उलशीक पाहिजे तं नुसता हात आडवा धरतात. संघदीप आला तं "गाडी आली" म्हणतात. कोणी भेटाले आलं तं "बरं आहे", "हो", "या". बँकेतल्या माणसासारखं. आई म्हणाल्या, "माणूस घरात हाये का नाही, समजत नाही आता." चाळीस का पन्नास वर्षं त्या बोलण्यासंगं नांदल्या त्या.

आज मले वाटलं, आपणच सुरुवात करावी. मी म्हटलं, "मामाजी, फटफटी लय मळली न, पुसून घेऊ काय?"

त्यायनी माह्याकडे पाह्यलं. मी त्यायले चिडवून राह्यली, असं पाह्यलं. मले फडकं हातात घेऊन उभं राहता येईना. मी चिडवत नव्हती. पण आता त्यायचा कोणताच शब्द माह्या तोंडातून साधा निघत नाही, हे त्यायले कसं सांगू अन् कोणत्या तोंडानं सांगू.

१४ डिसेंबर

पायलची सासू वारली. आज दुपारी पुण्यानुमोदन होतं. गल्लीतलंच घर, सांगाले येतील, म्हणून मामाजीनं सकाळीच आंघोळ केली, पांढरा सदरा घातला अन् ओट्यावर जाऊन बसले. किती दिवसांनी ओट्यावर बसले होते. मले इतकं बरं वाटलं, मी दोनदा चहा करून देला.

पायल आली. ओट्यावर त्यायले जय भीम घातला अन् सरळ आंदर माह्याजवळ आली. हळूच म्हणे, "वहिनी, वाईट नका वाटून घेऊ. मामाजीले आज तब्येतीचं काहीतरी सांगून घरीच ठेवा. ते नुसते उठले तरी पोट्टे हासतील. माह्या सासूच्या मयतीले कोणी हासलेलं आमच्या यायले सहन नाही व्हायचं."

मी म्हटलं, "तू पण हासली होती."

"हो," म्हणे, "म्हणूनच सांगाले आली."

ती गेली. मी ओट्यावर जाऊन मामाजीले सांगितलं, कार्यक्रम घरच्या घरीच करून राह्यले म्हणे, कोणाले बलावलं नाही. ते म्हणाले, "बरं." सदरा काढला नाही. तसेच बसून राह्यले.

दुपारी विहारातला भोंगा सुरू झाला. विहार काही दूर नाही, शब्द न् शब्द येते. भन्तेजीचा आवाज, सुत्तं, मंग लोकं बोलाले लागले. शेवटी कोण्या पोरानं फोनमध्ये पाहून वाचलं, "त्या अत्यंत प्रेमळ व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या. त्यांच्या जाण्याने कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे." ती म्हातारी गल्लीतल्या अर्ध्या बाळंतिणीयचे शेक-शेगडी करायची, ते कोणाच्याच तोंडून निघालं नाही. मी दाराआड उभी होती. माहा खोटेपणा भोंग्यावरून गावभर वाजून राह्यला होता अन् मामाजी मान खाली घालून ऐकत होते.

वाचणं संपलं तवा ते म्हणे, "चांगलं वाचते पोट्टा. कोणी हासलं नाही."

मी बाहेर आली. "मामाजी, पुढच्या वेळी," एवढंच म्हटलं.

त्यायनी सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या. मंग बऱ्याच दिवसांनी माह्याकडे नीट पाहून, अगदी साधं, मायेनं म्हणाले,

"उर्वशी, माह्या वक्ती कोणाले बोलू देऊ नको. त्रिशरण म्हणा अन् उठा."

"असं नका म्हणू मामाजी."

"ध्यानात ठेव."

मी हो म्हटलं.